चुलीपाशी शिकलेली भाषा



भाषा शिकायची म्हटलं की आपल्याला काय आठवतं? फळा, खडू, पाठांतर, आणि चुकलं की हातावर पट्टी. आज मी तुम्हाला एका वेगळ्या शाळेबद्दल सांगणार आहे. तिचा अर्धा वर्ग स्वयंपाकघरात भरतो.

मी पुण्यात दोन वर्षं स्पॅनिश शिकले. ही भाषा मूळची स्पेनची, पण आज ती वीस देशांची राजभाषा आहे. परीक्षेत मला गुण चांगले मिळायचे, पण समोरचं माणूस बोलायला लागलं की माझी दातखीळ बसायची. आमच्या बाई म्हणाल्या, "पोहायचं असेल तर विहिरीत उतरावं लागतं. जिथे ही भाषा बोलतात तिथे जाऊन राहा." मग साठवलेले पैसे घेऊन मी चार आठवड्यांसाठी ग्वातेमालाला गेले.

ग्वातेमाला हा मेक्सिकोच्या दक्षिणेचा छोटा देश. तिथलं ३६ वर्षांचं यादवी युद्ध १९९६ साली संपलं. आंतिग्वा आणि केत्साल्तेनांगो ही शहरं आणि आतित्लान तलावाकाठचं सान पेद्रो हे गाव, अशा ठिकाणी स्पॅनिश शिकायला जगभरातून लोक येतात. मी सान पेद्रोला राहिले.

शाळेची पद्धत अशी. एक विद्यार्थी, एक शिक्षक. दोघं समोरासमोर बसून रोज चार तास बोलतात. पैसे आठवड्याच्या हिशोबाने भरायचे. राहायचं मात्र गावातल्याच एखाद्या घरात, त्यांच्या पंगतीला बसून जेवायचं. बऱ्याच शाळांत जेवण सोमवार ते शनिवार मिळतं. रविवारी घरच्या बाईला सुट्टी! ते ऐकून मला आधी माझी आईच आठवली.

माझ्या यजमानीणबाई पन्नाशीच्या. पहिल्या सकाळी मी स्वयंपाकघरात डोकावले, तर टप्-टप् आवाज ओळखीचा वाटला. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, धुवायचा, दळायचा आणि त्या पिठाची तोर्तिया दोन तळव्यांमध्ये थापून तव्यावर टाकायची. आपली भाकरीच म्हणा, फक्त लहान आणि जाड. मी थापायला बसले, तर माझ्या तोर्तियाचा नकाशा झाला. सगळं घर हसलं, मीही हसले. त्या हसण्यात 'गोल', 'जाड', 'फाटली', 'पुन्हा कर' हे शब्द कधी तोंडात बसले ते कळलंच नाही. पुस्तकात हे शब्द मी दोनदा पाठ केले होते आणि दोनदा विसरले होते.

तिसऱ्या दिवशी माझ्याकडून चूक झाली. वर्गातल्या मुलींबरोबर मी बाहेरच जेवले आणि घरी कळवलं नाही. रात्री आले, तर बाई जाग्या होत्या. ताट झाकलेलं, तोर्तिया फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. त्या रागावल्या नाहीत, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं. सांगायचं खूप होतं, पण शब्द नव्हते. कसंबसं म्हटलं, "लो सिएन्तो." स्पॅनिशमध्ये माफी अशी मागतात. शब्दशः अर्थ, 'मला ते जाणवतंय.' परीक्षेत हे मी कितीदा लिहिलं होतं. खरं त्या रात्री म्हटलं.

बाई समोर बसल्या आणि सावकाश, सोपे शब्द निवडून बोलू लागल्या. तेव्हा कळलं की स्पॅनिश त्यांचीही मायबोली नाही. त्यांची भाषा त्सुतुहील. ग्वातेमालात माया लोकांच्या अशा बावीस भाषा आहेत. २००३ सालच्या कायद्याने त्यांना मान्यता दिली, पण कचेरीत आणि दवाखान्यात वर्चस्व स्पॅनिशचंच. बाई शाळेत फार गेल्या नव्हत्या. बाजारात भाजी विकता विकता त्या स्पॅनिश शिकल्या. म्हणाल्या, "मी चुकले की लोक हसायचे. म्हणून तू चुकलीस तरी मी थांबते." मला वाटतं, शिक्षक व्हायला याहून मोठी पात्रता नाही.

आता पैशांचं बोलू, कारण बचत गटात आपण हिशोबाशिवाय उठत नाही. स्पॅनिशमध्ये पैसे देणे याला 'पगार' म्हणतात. आपला पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि पोर्तुगीज व स्पॅनिश या बहिणी-बहिणी. पण हा पगार पोचतो कुणाच्या हातात? विद्यार्थी शाळेकडे पैसे भरतो, शाळा त्यातला वाटा घरच्यांना देते. काही शाळा शिक्षकांनीच सहकारी पद्धतीने चालवलेल्या आहेत. तुमच्या घरातली लेक उद्या अशी शिकायला निघाली, तर तिला सांगा, नाव घालण्याआधी दोन प्रश्न विचार. शिक्षकाला किती मिळतात? घरच्या बाईला किती मिळतात? सरळ उत्तर मिळालं नाही, तर दुसरी शाळा बघ.

माझ्या बाईंच्या हातात ते पैसे येत होते. त्यातून नातीचं दप्तर आलं, ते त्यांनी मला अभिमानाने दाखवलं. रांधणं, वाट बघणं, चुकलेलं वाक्य हळूच दुरुस्त करणं, या कामाचं तिथे मोल होतं. कमी असेल, पण होतं.

तिथे एक रीत आहे. जेवून उठताना प्रत्येक जण 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद म्हणतो, आणि बाकीचे म्हणतात, 'बुएन प्रोवेचो', अन्न अंगी लागो. मला आपलं 'अन्नदाता सुखी भव' आठवलं.

मैत्रिणींनो, तुमच्यात कुणी सीमेपलीकडून लग्न होऊन आली असेल, सासरची भाषा चुलीपाशी शिकली असेल. कुणी ऊसतोडीला जाऊन कानडी शिकली असेल. पुढच्या बैठकीत तिला विचारा, पहिला शब्द कोणता शिकलीस? कुणी शिकवला? आणि ऐकताना हसू आलं तर तिच्याबरोबर हसा, तिला हसू नका.