पाण्याची वही उघडी हवी



आपल्या बैठकीत गटाची वही सगळ्यांसमोर उघडी असते. व्याज कसं लावलं, हे कुणीही विचारावं. कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमचंही असंच करता येतं. आतलं गणित उघडं ठेवायचं. कुणीही ते तपासावं, सुधारावं, आपल्या गावासाठी वापरावं. याला ओपन सोर्स म्हणतात.

पवईच्या आयआयटीत १९८५ साली ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र सुरू झालं. तिथल्या विद्यार्थ्यांना अभ्यासाचा भाग म्हणून काही आठवडे खेड्यात राहावं लागतं. याच आयआयटीतल्या मंडळींनी राज्याच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी पाण्याचा ताळेबंद मांडणारा प्रोग्रॅम तयार केला. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला, पिकांना किती लागेल, असा गावाचा जमाखर्चच! तो क्यूजीआयएस या मोफत, ओपन सोर्स नकाशा-प्रोग्रॅमवर चालतो.

तो प्रकल्प मुख्यतः मराठवाडा-विदर्भातला. पण गरज आपल्या ठाणे जिल्ह्यातही आहे. तानसा, भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि तालुक्यातले कितीतरी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात.

इंजिनिअरिंग कॉलेजांनी आपापल्या जिल्ह्यातले प्रश्न अभ्यासाला घ्यावेत, म्हणून सरकारने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं. कल्याण-डोंबिवलीतली कितीतरी मुलं इंजिनिअरिंग शिकतात. त्यांच्या प्रोजेक्टला आपलं गाव का नको?

मात्र प्रोग्रॅममध्ये जे भराल, तेवढंच तो मोजतो. कागदावर ‘विहीर आहे’ एवढीच नोंद असली, तर ती मार्चमध्ये आटते हे त्याला कसं कळणार? मग झऱ्यावर पहाटे नंबर लावावा लागतो, हे हंडा वाहणारीलाच ठाऊक.

म्हणून तीन कामं करू या. ग्रामसभेत ठराव घेऊन जवळच्या कॉलेजला पत्र द्या. मुलं आली की त्यांना घेऊन विहिरी-झऱ्यांची फेरी मारा. कुठलं पाणी कधी आटतं, किती खेपा होतात, ते लिहून घ्यायला लावा. आणि निघालेला हिशोब मराठीत, ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा. पाण्याचे आकडे सगळ्यांसाठी उघडे असू देत. बायकांची नावं, फोन आणि आधार नंबर मात्र त्यात नकोत.

हिशोब चुकला असेल तर उभं राहून विचारा. वही उघडी ठेवायची ती त्यासाठीच.