टिळकांचं मंडाले, थिबाचं रत्नागिरी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मेळाव्यात दहा मिनिटं बोल, असा फोन आला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की मी कॉम्प्युटरवर बोलणार. मी म्हटलं, ब्रह्मदेशावर बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "हे ब्रह्मदेशाचं कुठून काढलं वं तुनं?" त्याचंच उत्तर द्यायला उभी आहे.

आपल्याला परीक्षेत एक रिकामी जागा यायची. 'लोकमान्य टिळकांनी गीतारहस्य हा ग्रंथ ---- येथील तुरुंगात लिहिला.' उत्तर : मंडाले. एक गुण. तो गुण आपण सगळ्यांनी मिळवला. पण सरांनी एकदा मला फळ्याजवळ बोलावून नकाशात मंडाले दाखवायला सांगितलं आणि मी अंदमानवर बोट ठेवलं. वर्ग हसला. त्यानंतर तीसेक वर्षं मंडालेशी माझा काही संबंध आला नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये एक मुलगी आली. सिंगापूरच्या ऑफिसात बसते, मूळची मंडालेची. पहिल्याच दिवशी आमच्या फॉर्मने तिला अडवलं. 'आडनाव' हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना आणि तिला आडनावच नाही. ब्रह्मी लोकांत आडनावाची पद्धत नाही. नाव ठेवताना मूल कोणत्या वारी जन्मलं ते बघतात. वयाने, मानाने मोठ्या पुरुषाच्या नावाआधी 'ऊ' लावतात, म्हणजे काका. बाईच्या नावाआधी 'दॉ', म्हणजे मावशी किंवा आत्या. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आपण पाठ केलेले संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस 'ऊ थांट' आठवतात? त्यांचं नाव फक्त थांट. 'ऊ' म्हणजे काका. अर्थात, तो रकाना आम्ही काढून टाकला.

मग कामात लिपीचा घोळ आला. ब्रह्मी मजकूर काही फोनवर नीट दिसे, काहींवर त्याचा नुसता काला. कारण तिकडे 'झॉजी' नावाचा जुना फॉन्ट घरोघरी रुजला होता आणि तो युनिकोडच्या नियमाने चालत नव्हता. ज्यांनी डीटीपी सेंटरवर लग्नपत्रिका करून घेतल्या, त्यांना हे दुखणं माहीत आहे. आपली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये ती आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. त्यांच्या 'ए'च्या मात्रेचं अगदी हेच. २०१९ साली त्यांच्या देशाने अधिकृतपणे युनिकोड स्वीकारलं, तरी जुना मजकूर राहिलाच होता. तो दुरुस्त करता करता मी तिला त्यांची अक्षरं म्हणायला सांगितली. ती म्हणू लागली : क, ख, ग... आपलाच क्रम! दोन्ही लिप्या मूळ ब्राह्मीतून आलेल्या. त्यांची अक्षरं गोल गोल, कारण ती ताडपत्रावर कोरायची असत आणि सरळ रेघेने पान फाटतं.

एक दिवस तिने विचारलं, "तू महाराष्ट्रातली ना? आमचा राजा तुमच्याकडे आहे. त्याच्या कबरीवर कधी गेलीस का?"

मी रत्नागिरीला दोनदा गेले होते. आंबे आणले होते, गणपतीपुळ्याला जाऊन आले होते. थिबा राजाचा राजवाडा गाडीतून पाहिला होता, तेवढाच. मग मी वाचायला लागले.

थिबाचा जन्म १८५९ चा, मंडालेचा. त्याच्या बापाने, मिंडॉन राजाने, ते शहर नुकतंच वसवलं होतं. १८८५ साली सागवानाच्या ओंडक्यांवरून तंटा झाला. ब्रह्मी दरबाराने एका इंग्रज कंपनीला दंड केला. कंपनीचं नाव बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. जुन्या वाड्यांतलं 'बर्मा टीक' आपण कौतुकाने दाखवतो, त्या लाकडाचा हा धंदा. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. नोव्हेंबरात त्यांची फौज नदीतून बोटींनी मंडालेला पोचली, पंधरवड्यात राज्य संपलं. सव्वीस वर्षांच्या राजाला, त्याच्या राणीला आणि लहान मुलींना बोटीत बसवून आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. मोठा राजवाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं. १९१६ च्या डिसेंबरात तो तिथेच वारला. एकतीस वर्षं देश सोडून, परत एकदाही जाता आलं नाही.

आता टिळक बघा. जन्म १८५६, रत्नागिरीचा. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि रवानगी मंडालेला. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानच्याच सरकारखाली होता, १९३७ पर्यंत. म्हणजे रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदी आणि मंडालेत जन्मलेला रत्नागिरीत कैदी, आणि तेही एकाच वेळी, सहा वर्षं. ठेवणारं सरकार एकच. टिळक तिथे असताना इकडे सत्यभामाबाई गेल्या. पण १९१४ साली ते पुण्याला परतले, पुढच्या वर्षी गीतारहस्य छापून निघालं. आपल्याला अर्धी गोष्ट शिकवली. अर्धी रत्नागिरीतच पडून होती आणि मी तिच्या दारावरून गाडीतून गेले होते.

त्या घराण्याचं पुढे काय झालं? राणी सुपयालात १९१९ साली रंगूनला परतली. थोरल्या राजकन्येचा जीव मात्र राजवाड्यावरच्या एका मराठी नोकरावर जडला होता. त्यांची मुलगी, म्हणजे थिबाची नात, रत्नागिरीतच राहिली. गरिबीत संसार केला, मराठी बोलली आणि २००० साली गेली. म्हणजे आपण दहावी झालो तेव्हा ब्रह्मदेशच्या राजाची नात रत्नागिरीत जिवंत होती.

आणि आपल्या विदर्भाचं म्हणाल, तर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी महास्थविर कुठले? कुशीनगरला राहत, पण जन्म ब्रह्मदेशातल्या आराकानचा. त्याआधी १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले होते आणि देहू रोडच्या विहारातली बुद्धमूर्ती रंगूनहून आलेली आहे. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांनी नागपूरच्या त्या दिवसाची गोष्ट आजी-आजोबांकडून ऐकली आहे. मी तुमच्या शेजारच्या बाकावर बसत होते, पण मी कधी विचारली नाही. हेही आज सांगून टाकते.

तर ती मुलगी. १ फेब्रुवारी २०२१ ला तिच्या देशात लष्कराने सत्ता घेतली. तेव्हापासून ती घरी गेलेली नाही. गेलं तर पुन्हा बाहेर पडता येईल याची खात्री नाही. २८ मार्च २०२५ ला मंडालेजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. दोन दिवस तिचा घरी फोन लागेना. घर वाचलं, आईवडील वाचले. ती शिकली त्या शाळेची इमारत पडली. मला हे सांगताना ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आमच्या वर्गाचा फोटो कुणाकडे असेल का, ते शोधतेय."

मागच्या डिसेंबरात मी मुद्दाम रत्नागिरीला गेले. थिबाची कबर वस्तीत आहे, शांत. फुलं ठेवली आणि तिला व्हिडिओ कॉल लावला. तिने मंडालेला आईला जोडून घेतलं. आईने हात जोडले आणि काहीतरी विचारलं. मुलीने अर्थ सांगितला : "तिथून समुद्र दिसतो का?" मी म्हटलं, इथून नाही, पण तो राहायचा तिथून दिसतो. आई बराच वेळ काही बोलली नाही.

काल मी पुण्याहून निघाले, रात्री घरी पोचले. आज सकाळी चालत शाळेत आले. चिंचेचं झाड आहे, घंटा आहे, तुम्ही आहात. इतकं सहज येता येतं याचं मला आजवर काही वाटलं नव्हतं.

सर, एक विनंती. ती रिकामी जागा पेपरात अजून येत असेल, तर शेजारी आणखी एक घाला : 'मंडालेचा राजा थिबा ---- येथे कैदेत होता.' आणि मागच्या भिंतीवर नकाशा आहे. आता मला बोलवा फळ्याजवळ. या वेळी बोट अंदमानवर जाणार नाही.