पंचेचाळीस तासांनी येणारं उत्तर



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नवीन कोड सर्व्हरवर टाकला आणि पाच मिनिटं काही हालचाल दिसली नाही, की माझा जीव वरखाली होतो. आज अशा टीमबद्दल बोलूया, जिला उत्तरासाठी पंचेचाळीस तास थांबावं लागलं.

व्हॉयेजर १ हे नासाचं यान ५ सप्टेंबर १९७७ ला निघालं. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी! गुरू आणि शनी बघून ते पुढे गेलं, आणि २०१२ मध्ये ताऱ्यांमधल्या मोकळ्या अवकाशात शिरलं. माणसाने बनवलेली दुसरी कुठलीच वस्तू इतकी दूर गेलेली नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचा डेटा अचानक निरर्थक झाला. म्हणजे फोन लागतोय, पलीकडून आवाजही येतोय, पण शब्द एक कळत नाही.

कॅलिफोर्नियातल्या जेपीएलच्या इंजिनिअर्सनी मार्च २०२४ मध्ये एक कमांड पाठवली. उत्तरात काय आलं? डेटा सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची अख्खी मेमरी! ती तपासल्यावर कळलं, की सुमारे ३ टक्के मेमरी खराब झालीय आणि नेमका तिथलाच कोड गेलाय. संशय एका चिपवर होता.

आता २४ अब्ज किलोमीटरवर चिप कोण बदलणार? मग कोडच हलवायचा ठरला. पण तो एकत्र मावेल एवढी मोकळी जागा कुठेच नव्हती. या यानाच्या सगळ्या कॉम्प्युटर्सची मेमरी मिळूनही तुमच्या फोनमधला एक फोटो मावत नाही, बघा. शेवटी कोडचे तुकडे केले, वेगवेगळ्या जागी बसवले आणि जिथे जिथे जुना पत्ता होता तिथे नवा टाकला.

१८ एप्रिलला पहिला तुकडा निघाला. जायला साडेबावीस तास, यायला साडेबावीस. २० एप्रिलला उत्तर आलं, आणि पाच महिन्यांनी यानाची तब्येत पहिल्यांदा कळली. जूनपर्यंत चारही उपकरणं पुन्हा काम करू लागली.

मला यातली एक गोष्ट फार भिडते. व्हॉयेजरमध्ये काही बिघडलं की आजची टीम कित्येक दशकांपूर्वीचे कागद उघडते. ते लिहिणाऱ्यांना आजच्या अडचणींची कल्पनाही नव्हती, तरी त्यांनी नीट लिहून ठेवलं.

कोडमध्ये कमेंट लिहायचा कंटाळा येतो ना? मलाही येतो. पण आपल्यानंतर कुणीतरी ते वाचणार असतं. कदाचित सेहेचाळीस वर्षांनी.

चला, भेटू पुढच्या भागात!