फळ्यासमोर उभे राहण्याचा पोशाख

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



परदेशातल्या शाळेत नोकरीची मुलाखत द्यायची असेल तर काय घालावे, एवढाच आजचा विषय आहे. आयोजकांनी तो आवर्जून ठेवला याचा मला आनंद वाटतो, कारण आपल्याकडची बी.एड. झालेली मुलेमुली आता खरोखरच बाहेर निघाली आहेत. आखाती देशांतल्या भारतीय शाळांत मराठी शिक्षक फार पूर्वीपासून आहेत. इंग्लंडने फेब्रुवारी 2023 पासून गणित, विज्ञान आणि परकीय भाषा शिकवणाऱ्या भारतीय शिक्षकांना तिथल्या अधिकृत शिक्षक-दर्जासाठी अर्ज करण्याची वाट मोकळी केली. जपान सरकार 1987 पासून जेट कार्यक्रमाखाली आपल्या शाळांसाठी परदेशातून सहायक भाषा शिक्षक नेते.

बी.एड.च्या विद्यार्थ्यांच्या सराव मुलाखती मी घेते. त्यांची विषयाची तयारी पक्की असते, पाठाचे टाचण तयार असते. आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री हमखास फोन येतो, "मॅडम, साडी नेसू की सूट घालू?" या प्रश्नामागे नटण्यामुरडण्याची हौस नसते, धास्ती असते. आपण त्या लोकांत वेगळे दिसू, गबाळे दिसू, आपली परिस्थिती कपड्यांवरून कळेल, याची धास्ती. चांगला शिकवणारा मुलगा या एका धास्तीपायी मुलाखतीत अर्धा बोलतो, हे मला सहन होत नाही. म्हणून आज जे सांगायचे ते सरळ सांगते. त्या शाळेत तुम्हाला काय काम करायचे आहे ते आधी समजून घ्या आणि ते काम ज्या कपड्यांत मोकळेपणी करता येईल, तोच मुलाखतीचा पोशाख समजा. बाकी सगळे दुय्यम आहे.

इंग्लंडपासून सुरुवात करू. तिथली शिक्षकाची मुलाखत म्हणजे टेबलापलीकडच्या तीन माणसांची प्रश्नोत्तरे, असे समजून जाल तर फसाल. बहुतेक शाळांत ती अर्ध्या-पाऊण दिवसाची असते. सकाळी गळ्यात पाहुण्याचे ओळखपत्र अडकवतात, शाळा फिरवून दाखवतात. मग खऱ्या वर्गावर, खऱ्या मुलांसमोर वीस-तीस मिनिटांचा पाठ घ्यावा लागतो आणि मागे कुणी तरी वही घेऊन बसलेले असते. काही शाळांत मुलांचीच एक समिती उमेदवाराला प्रश्न विचारते. शेवटी मुख्याध्यापकांची औपचारिक मुलाखत, आणि तीत मुलांच्या सुरक्षिततेवर प्रश्न ठरलेला.

आता हा दिवस कपड्यांच्या नजरेने पाहा. प्राथमिक शाळा असेल तर मुले गालिच्यावर बसलेली असतात. शिक्षिकेने त्यांच्याशी त्यांच्या उंचीवर येऊन बोलावे अशी अपेक्षा असते, म्हणजे गुडघ्यावर बसायचे, पुन्हा उठायचे, बुटक्या टेबलांमधून वाट काढायची. घट्ट स्कर्ट, उंच टाचा, गळ्यात लोंबणारी लांब माळ आणि तिच्यावर ओळखपत्राची दोरी, हे सगळे त्या वीस मिनिटांत आड येते. पोरगे हाताशी येऊन काही दाखवत असते आणि आपण ओढणी सावरत असतो. मागे वही घेऊन बसलेला माणूस तेवढे अचूक टिपतो. साधी गडद पँट, अंगाला आरामशीर बसणारा शर्ट किंवा कुर्ता, वरून जाकीट किंवा कार्डिगन आणि आवाज न करणारे सपाट बूट, एवढ्यावर तिथे उत्तम भागते. पुरुषांनी टाय लावावा, जाकीट घालावे आणि पाठ घेताना अडचण वाटली तर ते खुर्चीच्या पाठीला अडकवून शिकवावे. त्यात काही गैर नाही.

"मग साडीचे काय?" मुली विचारतात. साडी चालते. इंग्लंडच्या 2010च्या समानता कायद्याने धर्म आणि वंश या कारणांवरून उमेदवाराला डावलण्यास मनाई केली आहे. त्याआधी बर्मिंगहॅमच्या एका खासगी शाळेने पगडी बांधणाऱ्या शीख मुलाला प्रवेश नाकारला होता. ते प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि 1983 साली निकाल मुलाच्या बाजूने लागला. तेव्हा कायद्याची भीती बाळगू नका. प्रश्न एवढाच, की तुम्हाला साडीत काम करायची सवय आहे का? जी रोज साडी नेसून शाळेत जाते, तिने खुशाल सुती किंवा मिश्र धाग्याची, घसरून न जाणारी साडी नेसावी, पदर खांद्यावर नीट पिनअप करावा आणि निऱ्या घोट्याच्या जरा वर ठेवाव्यात. जिने साडी फक्त लग्नकार्यात नेसली आहे, तिने तो प्रयोग मुलाखतीच्या दिवशी करू नये.

या बाबतीत आपल्याकडे फार मोठा वारसा आहे. आनंदीबाई जोशी यांनी 1883 साली अमेरिकेला निघण्यापूर्वी बंगालमधल्या सेरामपूरच्या सभेत आपण आहार-पोशाख बदलणार नाही असे जाहीर केले होते. त्या अमेरिकेत साडीतच राहिल्या, पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिथली थंडी सोसत नाही, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. पुढे चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. आपला पोशाख आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. परदेशात शिकवणारी मराठी बाई ही काही आजची गोष्ट नाही. आनंदीबाईंनी जे केले ते मला सगळ्यात शहाणपणाचे वाटते. जे आपले आहे ते ठेवले आणि हवेला, कामाला जेवढी गरज होती तेवढेच बदलले.

आता जपान. तिथे नियम जास्त आहेत, पण ते कळले की निम्मे ओझे उतरते. काळा, गडद निळा किंवा करडा सूट आणि पांढरा शर्ट हा नोकरीच्या मुलाखतीचा जवळजवळ गणवेशच आहे. ओव्हरकोट इमारतीत शिरण्यापूर्वी काढून घडी करून हातावर घ्यायचा. दारावर तीनदा टकटक करायची. बॅग खुर्चीशेजारी जमिनीवर उभी ठेवायची, म्हणून ती न कलंडता उभी राहणारी हवी. गोंदण झाकलेले असावे, अत्तर जवळजवळ नसावेच.

आणि एक गोष्ट आपल्या मुलांना कुणीच सांगत नाही. जपानी शाळेत प्रवेशद्वाराशी चपला-बूट काढावे लागतात. बूट काढून, टोके दाराकडे करून नीट ठेवायचे आणि आतल्या सपाता घालायच्या. सोबत कुणी तरी उभे असते. अशा वेळी खाली बसून चार भोकांच्या नाड्या सोडवत राहण्यापेक्षा चटकन निघणारे बूट घालून गेलेले बरे. पायमोजे तर त्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचे. अंगठ्याशी विरलेला किंवा टाचेला भोक पडलेला मोजा हजारो रुपयांच्या सुटाची किंमत घालवतो. नव्या मोज्यांची जोडी कितीशी महाग असते? तेवढी घ्याच.

पण हे नियमही दगडावरची रेघ नाहीत. 2005 साली तिथल्या पर्यावरण मंत्रालयाने 'कूल बिझ' मोहीम काढली. वातानुकूलन 28 अंशांवर ठेवायचे आणि उन्हाळ्यात टाय-जाकिटाविना काम करायचे. 2019 मध्ये युमी इशिकावा यांनी स्त्रियांवरच्या उंच टाचांच्या सक्तीविरुद्ध चळवळ उभी केली. तेव्हा मुलींनो, टाचांची चिंता सोडा. सपाट, स्वच्छ काळे बूट घाला.

आखाती देशांतल्या शाळांच्या मुलाखती अनेकदा मुंबईतच एखाद्या हॉटेलात होतात. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेसाठी साडी किंवा ओढणीसह सलवार-कमीज उत्तम. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेसाठी पँट किंवा पायघोळ स्कर्ट चालतो. दोन्हीकडे खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, बाह्या कोपरापर्यंत असाव्यात आणि कापड पारदर्शक नसावे. पुरुषांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टाय घालावा. तिथे गेल्यावर लक्षात येते की बाहेर चाळिशीपार तापमान आणि आत हुडहुडी भरवणारा एसी असतो. अंगावर हलके सुती आणि हाताशी एक जाकीट, ही जोडी तिथे वर्षभर उपयोगी पडते.

काही ठिकाणी मात्र कायदा खरोखर आड येतो, आणि ते आधी माहीत असलेले बरे. फ्रान्सच्या सरकारी शाळेतला शिक्षक कामावर कोणतेही धार्मिक चिन्ह अंगावर बाळगू शकत नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने 2019 साली सरकारी शाळांतल्या शिक्षकांसाठी तसाच कायदा केला. त्याच्या व्याख्येत कपडे, दागिने, शिरोवस्त्र सगळे येते. मंगळसूत्र, तुळशीची माळ, पगडी, हिजाब यांपैकी काही तुमच्या रोजच्या अंगावर असेल, तर अशा ठिकाणी अर्ज करतानाच शाळेला लेखी विचारा. उत्तर पटले नाही तर ती नोकरी आपली नव्हे, असे ताठ मानेने ठरवता येते. मुलाखतीच्या खोलीबाहेर घाईघाईने काही काढून पर्समध्ये टाकण्याची वेळ कुणावर येऊ नये.

पोशाखाचे नियम फक्त परक्यांकडे असतात असेही नाही. मार्च 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने शिक्षकांसाठी पोशाखाच्या सूचना काढल्या. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, शिक्षकांनी शर्ट-पँट, शर्ट खोचलेला, आणि जीन्स-टीशर्ट नको. त्या सूचनांवर मतभेद झाले आणि ते व्हायला हवेत. मुद्दा असा, की शिक्षकाच्या कपड्यांकडे समाज सगळीकडेच बघतो. परदेशात फक्त बघण्याची रीत वेगळी असते.

बऱ्याच मुलाखती आता घरून, पडद्यावर होतात. तिथे वेळेचा हिशेब आधी करा. जपानी शाळेची सकाळी 9ची मुलाखत आपल्याकडे पहाटे साडेपाचला असते. तेव्हा खिडकीतून उजेड येत नाही, दिवा चेहऱ्यासमोर लावावा लागतो. बारीक रेघांचा शर्ट कॅमेऱ्यात लहरताना दिसतो, म्हणून एकरंगी कापड निवडा. मागे पांढरी भिंत असेल तर पांढरा शर्ट त्यात मिसळून जातो, वरून गडद जाकीट घाला. आणि कमरेखालीही पूर्ण पोशाख करा. शिक्षकाला फळ्यावर काही दाखवायला कधीही उठावे लागते.

कोणताही देश असो, माझ्या विद्यार्थ्यांना मी आदल्या आठवड्यात एक चाचणी घ्यायला लावते. ठरवलेले कपडे आणि तेच बूट घाला. फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत हात नेऊन एक ओळ लिहा. जमिनीवर बसा आणि हात न टेकता उठा. वह्यांचा गठ्ठा घेऊन जिना चढा-उतरा. बाकांच्या दोन रांगांतून चालत जा. शेवटी खुर्चीवर बसून दहा मिनिटे बोला. कुठे शर्ट सुटतो, कुठे शिवण ताणते, कुठे बूट करकरतो, सगळे कळते. जे खटकते ते शिंप्याकडे न्या. बाही मनगटावर संपली आणि पँट बुटावर नीट पडली, की मोठ्या भावाचा जुना कोटही स्वतःसाठी शिवल्यासारखा दिसतो. कर्ज काढून सूट शिवू नका. इस्त्री, पॉलिश, कापलेली नखे आणि विंचरलेले केस यांना पैसे लागत नाहीत.

काही जण म्हणतात, ज्ञान बघा, कपडे काय बघता? मलाही ज्ञानच बघितले जावे असे वाटते. म्हणून तर कपडे असे असावेत की पहिल्या मिनिटानंतर कुणाच्या, खुद्द तुमच्याही, ध्यानात ते राहू नयेत आणि उरलेला वेळ तुमच्या शिकवण्याला मिळावा.

जाता जाता इथे बसलेल्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना एक विनंती. प्रत्येक बी.एड. महाविद्यालयाने एक कपाट ठेवावे. त्यात वेगवेगळ्या मापांची गडद जाकिटे, टाय, पांढरे शर्ट आणि काळे बूट असावेत. निवृत्त शिक्षकांनी, परदेशी स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ते भरावे. पुस्तके जशी नोंद करून देतो तसे कपडे मुलाखतीपुरते द्यावेत आणि धुऊन-इस्त्री करून परत घ्यावेत. शेतकऱ्याच्या, कामगाराच्या घरातून आलेली आपली मुले शिकवण्यात कुणाहून कमी नाहीत. कोट नाही म्हणून त्यांनी अर्ज करायचे टाळावे, ही गोष्ट आपण याच वर्षी थांबवू शकतो. आपल्या महाविद्यालयात हे कपाट सुरू करायला जे तयार असतील, त्यांनी व्याख्यानानंतर मला जरूर भेटावे. त्यात ठेवायला पहिले जाकीट मी देईन.