कट्ट्यावरची निवड-समिति

छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे ज्या शहराला पिढ्यान्‌पिढ्या औरंगाबाद म्हणत आले त्या शहरांत, संध्याकाळीं आमखास मैदानाच्या कडेनें किंवा गुलमंडीवरच्या चहाच्या दुकानापुढून जाणाऱ्या मनुष्याच्या कानीं एक संभाषण हमखास पडतें. तें काल झालेल्या सामन्याचें नसतें. जो सामना अजून कोणी खेळलेलाच नाहीं, त्याचें असतें. महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालील संघांत आपल्याकडचा कोण जाणार, बीडचा तो डावखुरा मुलगा पुण्यास राहावयास गेला हें खरें काय, अमक्या गोलंदाजाला रेल्वे घेणार कीं पोलीस, आणि तमक्याला कोणतें महाविद्यालय फी माफ करून आपल्याकडे ओढणार, असे त्या संभाषणाचे विषय असतात. बोलणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं त्या मुलांना एकदां-दोनदांच खेळतांना पाहिलेलें असतें. कांहींनीं तेवढेंहि पाहिलेलें नसतें. तरी मतें ठाम असतात. अधिकृत निवड-समिति वर्षांतून कांहीं ठराविक वेळांच बसते. ही कट्ट्यावरची समिति रोज बसते, आणि तिला भत्ता म्हणून अर्धा कप चहा पुरतो.

या समितीला हंसून सोडून देणें सोपें आहे. परंतु ज्या घरांत तेरा-चौदा वर्षांचा चांगला खेळणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घराला तिचें बोलणें ऐकूं येतें, आणि त्या बोलण्याचा परिणाम मुलाच्या मनावर, बापाच्या खिशावर आणि दहावीच्या अभ्यासावर होतो. म्हणून हें बोलणें कसें चालतें, त्यांत खरें किती आणि पोकळ किती, याचा विचार करणें उचित होईल.

उद्यांच्या खेळाडूंची अशी उठाठेव करणारे लोक केवळ आपल्याकडेच आहेत असें नाहीं. अमेरिकेंत महाविद्यालयीन फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात, त्याचे चाहते सतरा वर्षांच्या शाळकरी मुलांना एक ते पांच तारे देऊन त्यांची प्रतवारी लावतात, आणि अमका मुलगा कोणत्या विद्यापीठाला होकार देतो याची वाट वर्षभर पाहतात. २०२१ पासून त्या खेळाडूंना आपल्या नांवावर पैसा मिळविण्याची मोकळीक झाली, तेव्हां त्या चर्चेंत आंकडेहि शिरले. आपल्याकडे २००८ पासून इंडियन प्रीमियर लीगच्या लिलावानें हेंच घडविलें. २०२४ च्या नोव्हेंबरांत बिहारच्या वैभव सूर्यवंशी या तेरा वर्षांच्या मुलाला राजस्थानच्या संघानें १ कोटि १० लक्ष रुपयांस घेतलें, त्या दिवसापासून गल्लोगल्लींच्या बापांचें गणित बदललें.

तथापि आपल्याकडची ही चर्चा लिलावाहून फार जुनी आहे. संस्थानी काळांत चांगला खेळाडू दिसला कीं त्याला नोकरी देऊन आपल्याकडे आणण्याची राजेरजवाड्यांत चढाओढ असे. नागपूरचे सी. के. नायडू इंदूरच्या होळकरांच्या सैन्यांत अधिकारी झाले. सांगलीचे विजय हजारे यांनीं १९३९-४० च्या हंगामांत महाराष्ट्राकडून पुण्यास नाबाद ३१६ धांवा काढल्या, त्या बडोद्याच्याच संघाविरुद्ध. पुढें थोड्याच काळांत हजारे बडोद्याचे झाले! १९४७ च्या अंतिम सामन्यांत त्यांनीं आणि गुल महंमद यांनीं होळकर संघाविरुद्ध ५७७ धांवांची भागी केली. तो विक्रम २००६ पर्यंत टिकला. हजारे गेले म्हणून पुण्याच्या क्रिकेटशौकिनांस हळहळ वाटली असेल तर नवल नाहीं. परंतु ज्या महाराष्ट्र संघानें १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला, त्याचे नायक संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर होते. त्यांच्याजवळ खेळाडूंना देण्यास जहागिरी नव्हती. जें होतें तें त्यांची पारख.

पारख हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. अजित वाडेकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयांत शास्त्रशाखेचे विद्यार्थी होते आणि त्यांना अभियंता व्हावयाचें होतें. बसमध्यें त्यांच्याबरोबर जाणारे बाळू गुप्ते यांनीं त्यांना महाविद्यालयाच्या संघांत बारावा गडी म्हणून येण्याविषयीं विचारलें. दर सामन्यास तीन रुपये भत्ता मिळेल असेंहि सांगितलें. त्या तीन रुपयांच्या भरतींतून पुढें १९७१ सालीं वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकणारा भारताचा कर्णधार निघाला. सचिन तेंडुलकर यांची शाळा बदलली तीहि रमाकांत आचरेकर यांच्या सल्ल्यावरून. शारदाश्रम विद्यामंदिरांत गेल्यामुळें त्यांना अधिक सामने खेळावयास मिळाले, आणि १९८८ मध्यें विनोद कांबळी यांच्यासह त्यांनीं हॅरिस शील्डच्या सामन्यांत ६६४ धांवांची अभंग भागी केली. या दोन्ही ठिकाणीं निवड करणारा मनुष्य मुलाच्या जवळ होता. त्यानें त्याला पाहिलें होतें.

मराठवाड्याची अडचण नेमकी येथें आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता आणि खेळाचें केंद्र हैदराबाद होतें. १९५६ सालीं तो द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, आणि क्रिकेटपुरतें या भागाचें तोंड पुण्याकडे वळलें. पुणें येथून सुमारें २३५ किलोमीटर. बीड, परभणी, नांदेड यांच्याहि वाट्याला असाच लांबचा प्रवास. निवड-चांचणीला जावयाचें तर पहांटेची बस, एका रात्रीचा मुक्काम, बरोबर कोणी वडीलधारें, आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी किंवा रजा, एवढें सर्व आलें. मुंबईच्या मुलाला पारखी मनुष्य बसमध्यें भेटतो. मराठवाड्याच्या मुलाला पारख्याकडे जाण्यासाठीं बस धरावी लागते. कट्ट्यावरील चर्चेला जी धार असते ती या अंतरामुळें.

या चर्चेंत तीन प्रकारचे लोक आढळतात. पहिला हिशेबी. त्याला प्रत्येक मुलाच्या धांवा तोंडपाठ असतात. मात्र त्या कोणत्या खेळपट्टीवर आणि कोणाविरुद्ध झाल्या हें तो सांगत नाहीं. दुसरा दुखावलेला. त्याच्या मतें प्रत्येक यादी पुण्यांत आधींच ठरलेली असते आणि आपल्या बाजूच्या मुलाचें नांव शाईनें नव्हे, पेन्सिलीनें लिहिलेलें असतें. तिसरा भविष्यवादी. कोणी चमकला कीं "आम्हीं पूर्वींच सांगितलें होतें" असें म्हणणारा. त्यानें पूर्वीं सांगितलेल्या इतर वीस नांवांचें काय झालें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं, आणि तो सांगत नाहीं.

दुखावलेल्याचें म्हणणें अगदींच निराधार असतें असें नव्हे. भाऊसाहेब निंबाळकर यांनीं १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास काठेवाड संघाविरुद्ध नाबाद ४४३ धांवा केल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ धांवांचा विक्रम केवळ नऊ धांवांवर असतां प्रतिपक्षानें सामना सोडला. इतकें करूनहि निंबाळकरांना एकहि कसोटी सामना खेळावयास मिळाला नाहीं. निवड ही मनुष्यें करतात आणि मनुष्यें चुकतात. परंतु एक अन्याय खरा होता म्हणून प्रत्येक न आलेलें नांव अन्यायच, असें होत नाहीं.

याचें ठळक उदाहरण २०१६ सालचें आहे. त्या वर्षाच्या जानेवारींत कल्याणच्या प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या मुलानें शालेय सामन्यांत नाबाद १००९ धांवा काढल्या. देशभर त्याचें नांव झालें. मुंबई क्रिकेट संघटनेनें त्याला दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ति दिली. कांहीं महिन्यांनीं पश्चिम विभागाच्या सोळा वर्षांखालील संघाची यादी निघाली. तींत सचिन तेंडुलकर यांचे चिरंजीव अर्जुन यांचें नांव होतें, प्रणवचें नव्हतें. लोकांत एकच ओरड झाली: गरिबाचा मुलगा मागें, थोरांचा पुढें! वस्तुस्थिति निराळी होती. तो संघ राज्यांच्या संघांकडून खेळलेल्या मुलांतून निवडला होता आणि प्रणव तोंवर मुंबईच्या त्या वयोगटाच्या संघांत खेळलेलाच नव्हता. शिवाय एक अष्टपैलू, दुसरा यष्टिरक्षक-फलंदाज. दोघांची जागाच एक नव्हती. प्रणवच्या वडिलांनीं स्वतः हें स्पष्ट केलें आणि दोन्ही मुलें एकमेकांचे मित्र आहेत असेंहि सांगितलें. पुढील वर्षीं, मुलाच्या हातून अपेक्षेप्रमाणें खेळ होत नाहीं म्हणून, त्याच वडिलांनीं ती शिष्यवृत्ति थांबविण्याची विनंति केली. ज्यांनीं एवढी ओरड केली होती, त्यांतील किती जण तेव्हां त्या घराकडे फिरकले असतील?

यांतून एक गोष्ट ध्यानांत येते. चाहत्यांचें प्रेम मुलावर नसून मुलाविषयींच्या गोष्टीवर बसतें. गोष्ट पुढें सरकली नाहीं कीं प्रेम आटतें, आणि पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा रिकाम्या मैदानांत उभा राहतो.

दुसरी एक गोष्ट मराठवाड्यानें विशेषतः लक्षांत ठेवावी. २००१ च्या डिसेंबरांत मोहाली येथें इंग्लंडविरुद्ध जो कसोटी सामना झाला, त्यांत भारताकडून तिघांनीं पदार्पण केलें. तिघांपैकीं दोघे मराठवाड्याचे होते. औरंगाबादचे जलदगति गोलंदाज इक्बाल सिद्दिकी आणि बीड येथें जन्मलेले संजय बांगर. शेवटच्या डावांत जिंकण्यास अवघ्या पांच धांवा हव्या होत्या, तेव्हां सिद्दिकींनाच सलामीस धाडलें आणि दहा गडी राखून सामना जिंकला. त्यांना पुन्हां कसोटी मिळाली नाहीं. बांगर यांनीं मात्र पुढच्याच वर्षीं लीड्स येथें सलामीस येऊन ६८ धांवांची चिवट खेळी केली आणि त्या विजयाचा पाया घातला. आतां त्यांचीं वयें पाहावीं. पदार्पणाच्या वेळीं सिद्दिकी सत्ताविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, बांगर एकोणतीस वर्षांचे. बांगर लहानपणीं महाराष्ट्र आणि मुंबई यांच्या युवक संघांतून खेळले, परंतु प्रथम श्रेणीचें दार त्यांना १९९३-९४ मध्यें रेल्वेनें उघडून दिलें. पंधराव्या वर्षीं त्यांची चर्चा करून निकाल देणाऱ्या कट्ट्याला या गोष्टीचा अंदाज आला असता काय?

उलट बाजूहि आहे. जालन्याच्या विजय झोल यानें २०११ सालीं आसामविरुद्ध एकोणीस वर्षांखालील सामन्यांत नाबाद ४५१ धांवा केल्या आणि २०१४ च्या युवक विश्वचषकांत भारताचें नेतृत्व केलें. परंतु मुख्य भारतीय संघाची पायरी त्याला चढतां आली नाहीं. बीडच्या सचिन धस यानें २०२४ च्या फेब्रुवारींत युवक विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत, भारताचे चार गडी ३२ धांवांत बाद झाले असतां, ९६ धांवा काढून संघाला अंतिम फेरींत नेलें. त्या दिवशीं बीडला आनंद झाला तो योग्यच. पण त्या दुसऱ्याच दिवसापासून "आतां लिलावांत किती?" हा प्रश्न सुरू व्हावा, हें योग्य नव्हे. लवकर फुललेलें झाड वाईट नसतें आणि उशिरां फुललेलें कमी नसतें. मात्र दोघांनाहि रोज उकरून मुळें पाहिलेलीं मानवत नाहींत.

मग कट्ट्यावरच्या समितीनें बरखास्त व्हावें काय? तसें मुळींच नाहीं. पुण्यापासून इतक्या लांब असलेल्या मुलाचें नांव प्रथम पसरतें तें अशाच तोंडांतून. कोणी एक शौकीन मनुष्य चिकलठाण्याच्या गरवारे क्रीडांगणावर उन्हांत दिवसभर बसतो, परत येऊन चार लोकांस सांगतो, त्यांतला एखादा जुना खेळाडू दुसऱ्या दिवशीं स्वतः जाऊन पाहतो, आणि असें होतां होतां मुलापर्यंत एक चांगला शिक्षक पोहोंचतो. हें काम कोणत्याहि कचेरीला साधणारें नाहीं. केवळ बोलण्यापूर्वीं चार प्रश्न स्वतःस विचारावे. या मुलाचा एक पुरा डाव आपण डोळ्यांनीं पाहिला आहे काय? या संघासाठीं तो नियमानें पात्र आहे काय? ज्याच्या जागीं त्याला घ्यावें म्हणतों, त्या दुसऱ्या मुलालाहि आईबाप आहेत हें आपल्याला आठवतें काय? आणि हेंच वाक्य तो मुलगा शेजारीं उभा असतां आपण बोलूं काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तो मुलगा पुष्कळदां खरोखरच शेजारीं उभा असतो. सराव संपवून, खांद्यावर बॅटची पिशवी घेऊन, तो त्याच दुकानावर थंडगार पाणी प्यावयास आलेला असतो. त्याचें नांव निघालें कीं तो मान खालीं घालतो आणि पेला उगीच हळू रिकामा करतो. त्या वेळीं मोठ्या माणसांनीं आंकडे सोडून द्यावे, बाकावर थोडें सरकून त्याला जागा करावी, आणि आज नेटमध्यें किती चेंडू टाकलेस, गुडघा कसा आहे, गणिताची परीक्षा केव्हां, एवढेंच विचारावें. निवड-समितीचा निकाल काय लागावयाचा तो लागेल. बाकावर मिळालेली जागा मात्र त्याच्या कायम स्मरणांत राहील.