उद्याची स्वप्ने आणि ती घडविणारे हात

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



पारितोषिके वाटण्यासाठी सेवानिवृत्त विज्ञान शिक्षकाला बोलावण्यात एक धोका असतो. तो पारितोषिके वाटून थांबत नाही, तासही घेतो. हा धोका आपण जाणूनबुजून पत्करला, याबद्दल मी आपला आभारी आहे.

सुरुवात एका चित्रापासून करतो. १९०० साली पॅरिस येथे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्या सुमारास झां-मार्क कोते व इतर फ्रेंच चित्रकारांनी 'इ. स. २०००' या कल्पनेवर एक चित्रमालिका काढली. त्यात हवेतून पत्रे वाटणारे पोस्टमन आहेत, पंख लावून आग विझविणारे बंबवाले आहेत. एका चित्रात शाळेचा वर्ग आहे. मास्तर एका यंत्राच्या तोंडात पुस्तके टाकीत आहेत. यंत्रातून निघालेल्या तारा मुलांच्या डोक्यावर बसविलेल्या टोप्यांना जोडल्या आहेत. मुलांनी नुसते बसून राहायचे, ज्ञान आपोआप डोक्यात उतरणार! येथे समोर बसलेल्या कित्येकांना ही सोय आवडेल, हे चेहऱ्यांवरून दिसतेच आहे.

पण त्या चित्रात आणखी एक मुलगा आहे. तो यंत्राशेजारी उभा राहून त्याचे हँडल फिरवीत आहे. हाताने! त्याच्या डोक्यावर टोपी नाही. म्हणजे सर्व वर्गाला ज्ञान मिळावे म्हणून जो राबतो आहे, त्याच्याच वाट्याला ज्ञान नाही. त्याच मालिकेत विजेवर फरशी घासणाऱ्या यंत्राचे चित्र आहे, आणि ते यंत्र चालविणारी बाई मोलकरणीच्याच वेषात आहे. यंत्र शंभर वर्षे पुढे गेले, मोलकरीण मात्र होती तेथेच राहिली.

मी त्या चित्रकारांना हसत नाही. यंत्राची कल्पना करणे तसे सोपे असते. घरातली, समाजातली रीत बदललेली डोळ्यांसमोर आणणे फार कठीण. मोठमोठ्या विद्वानांचेही असेच झाले. केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३० साली लिहिले की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्यातून पंधरा तास काम पुरेल. शंभर वर्षे २०३० साली भरतील. संपत्ती त्याच्या अंदाजाप्रमाणे पुष्कळ वाढली. पण वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडणार, हा हिशेब राहून गेला.

असो. आता मी ज्या बाईंविषयी बोलण्यासाठी आज उभा आहे, त्यांच्याकडे वळतो. रुकैया सखावत हुसैन यांचा जन्म १८८० साली रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद येथे झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. घर जमीनदाराचे, पडदा अत्यंत कडक. मुलींना बंगाली व इंग्रजी शिकविण्याची रीत नव्हती. घरातले सगळे झोपले की थोरले भाऊ मेणबत्तीच्या उजेडात त्यांना इंग्रजी शिकवीत. बंगाली त्या बहिणीकडून शिकल्या. पुढे विवाह झाला तो भागलपूरच्या सखावत हुसैन नावाच्या डेप्युटी मॅजिस्ट्रेटशी. पती फिरतीवर गेले असता घरी एकट्या असलेल्या रुकैयांनी इंग्रजीत एक गोष्ट लिहिली, 'सुलतानाज ड्रीम'. ती मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये १९०५ साली छापून आली.

या गोष्टीतल्या देशात विमाने आहेत, ढगांतून पाणी खेचून घेण्याची योजना आहे, सूर्याची उष्णता साठवून तिच्यावर स्वयंपाक चालतो. आज गच्चीगच्चीवर सौर पट्ट्या बसलेल्या आपण पाहतो. बाईंनी सूर्य चुलीपाशी आणला तो १९०५ साली. आणि पुरुष? ते मर्दान्यात बसून मुले सांभाळतात. (हशा.) हसू नका, सर्वांत बोचरा भाग तर पुढेच आहे. बायका कचेरीचे काम दोन तासांत उरकतात, कारण पुरुषांचे सहा तास चिरूट ओढण्यातच जात असत, असा त्यांनी चक्क हिशेब मांडला आहे. हा तर भयंकर सूड झाला, अशा अर्थाचे उद्गार पतीने ती गोष्ट वाचून काढले. आणि बायकोला लिहिण्यास उत्तेजनही दिले. असा नवरा त्या काळी विरळाच. आजही पुष्कळ आहेत असे नाही.

माझे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. या कथेत यंत्रे आधी येत नाहीत. राणी प्रथम मुलींना शिकविण्याचा हुकूम काढते, एकवीस वर्षांच्या आत लग्न नाही असे ठरविते, मग मुलींची विद्यापीठे निघतात, आणि त्या विद्यापीठांतून यंत्रे निघतात. पॅरिसच्या चित्रकारांना जे दिसले नाही, ते जनान्यात वाढलेल्या या बाईंना दिसले होते.

पती १९०९ साली वारले. त्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशातून रुकैयांनी त्याच वर्षी भागलपुरात शाळा काढली. मुली पाच. तेथे टिकता आले नाही, म्हणून १९११ साली कलकत्त्यात पुन्हा मांडणी केली. मुली आठ. घरोघर जाऊन मुलींना शाळेत पाठवा म्हणून विनवीत हिंडायचे, तेही स्वतः बुरख्यात.

मग प्रश्न आला मुलींना आणण्याचा. शाळेने मोटार बस केली. पडद्यासाठी ती इतकी बंदिस्त केली की आत काळोख. मुली गुदमरत, ओकत, बेशुद्ध पडत. म्हणून जाळ्या काढून पडदे लावले. तर पत्रे आली, की वाऱ्याने पडदे उडतात, बेपर्दगी होते! पडदा घट्ट करावा तर मुली गुदमरतात, सैल करावा तर शाळा बदनाम होते. विमानाचे स्वप्न पाहणाऱ्या बाईंची उमेद अशी एका बसच्या पडद्यापायी पणाला लागली. तरी शाळा बंद पडली नाही. ९ डिसेंबर १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. शाळा आजही कलकत्त्यात आहे.

आता माझी एक कबुली. मी ज्या शाळेत शिकविले तेथे प्रयोगशाळेत साहित्य कमी, म्हणून चौघांचा एक गट करीत असे. मुलगे उपकरणे हाताळीत, मुली वहीत निरीक्षणे लिहीत. मुलींचे अक्षर चांगले, असे मी म्हणत असे. ही वाटणी कोणी ठरविली नव्हती, ती मीच चालू दिली. निवृत्तीनंतर एक विद्यार्थिनी भेटली. म्हणाली, "सर, बॅटरीला वायर मी पहिल्यांदा जोडली ती लग्नानंतर, घरची बेल बिघडली तेव्हा." ती हसत होती. मला हसता आले नाही.

संस्थेच्या अहवालावरून कळले की जमलेल्या निधीतून वर्गात नवे डिजिटल फळे बसवावेत असा विचार चालू आहे. फळे चांगलेच आहेत. पण त्याच अहवालात लिहिले आहे की पलीकडच्या वाड्यांतील मुली आठवीनंतर गळतात. मी चौकशी केली. एस. टी.चा पास मुलींना मोफत मिळतो. पण संध्याकाळची गाडी शाळा सुटण्याआधीच निघून जाते, आणि पुढची येईपर्यंत अंधार पडतो. पालक घाबरतात. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही.

तेव्हा अध्यक्षसाहेब, माझी विनंती अशी. फळे एक वर्ष थांबू द्यात. आधी त्या वाड्यांसाठी संध्याकाळची एक गाडी ठरवा. आज मला मानधनाचे जे पाकीट दिले आहे ते मी उघडलेले नाही. ते त्या गाडीच्या डिझेलखाती जमा करून घ्यावे. आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या पुढच्या सोमवारपासून नववीच्या मुलींकडे द्याव्यात, असे मुख्याध्यापकांना सांगून मी खाली बसतो.