बायपासनंतर कळशी उचलायची नाही



आमच्या बचत गटातल्या एका मावशींचं बायपासचं ऑपरेशन झालं. घरी येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. मी भेटायला गेले, तर मावशी भरलेली कळशी उचलत होत्या. म्हणाल्या, "आता काय, हृदय नवं झालं की!"

बायांनो, हृदय नवं होत नाही. हृदयालाही रक्त लागतं. ते पोचवणाऱ्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचले की वाट अरुंद होते. शेतातला पाट चोंदला तर आपण बाजूने चारी काढून पाणी पुढे नेतो ना? डॉक्टर तेच करतात. पायातली शीर किंवा छातीच्या आतली धमनी घेऊन चोंदलेल्या जागेच्या पुढे जोडतात. चोंदलेली जागा तशीच राहते. काळजी घेतली नाही, तर नवी वाटही चोंदते. म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, साखर आणि रक्तदाब तपासत राहायचं. आणि मिसरी सोडायची. मिसरी म्हणजे तंबाखूच.

ऑपरेशनसाठी छातीचं मधलं हाड कापून तारेने पुन्हा बांधतात. ते नीट सांधायला 6 ते 12 आठवडे लागतात. डॉक्टर सांगेपर्यंत हंडा, सरपणाचा भारा, दळणाचा डबा उचलायचा नाही, नातवंडाला कडेवर घ्यायचं नाही. खोकताना छातीशी उशी धरायची. पण झोपूनही राहायचं नाही, रोज थोडं थोडं चालणं वाढवायचं. ताप आला, जखमेतून पू आला किंवा छातीचं हाड कटकट वाजलं, तर लगेच दवाखाना.

अजून एक. बाईला दरवेळी छातीतच कळ येते असं नाही. दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं, पाठ किंवा जबडा दुखतो. "पित्त असेल" म्हणून भाकरी थापत बसू नका, 108 ला फोन करा. प्रत्येकीला बायपास लागतं असंही नाही. कुणाचं गोळ्यांवर भागतं, कुणाला स्टेंट बसवतात. खर्चाच्या धास्तीने घरी थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपास आहे. योजनेतल्या रुग्णालयात रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटा.

मावशींचं पाणी आता आमच्या गटाने वाटून घेतलंय, रोज एकीची पाळी. तुमच्या गटातही अशी कुणी असेल, तर तिला नुसतं "आराम कर" म्हणू नका. तिची कळशी तुम्ही उचला.